काचपेटीतील समुद्र

ओहोटीच्या वेळी रत्नागिरी-मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर गेले, म्हणजे एक रम्य दृश्य दृष्टीस पडते. समुद्र मागे हटलेला असतो. परंतु जाताना तो खडकांच्या खळग्यांतून आपले थोडेसे पाणी मागे ठेवून जातो. त्या ओंजळभर पाण्यात हिरवे शेवाळ डुलत असते, बोटाएवढे मासे विजेसारखे इकडून तिकडे चमकून जातात, शंखात घर केलेला खेकडा हळूच पाय बाहेर काढतो आणि खडकाला चिकटलेले समुद्रपुष्प आपले मऊ शुंडक पसरून भक्ष्याची वाट पाहत असते. नावात पुष्प असले तरी हा प्राणी आहे, हे त्याच्या जवळून जाणाऱ्या कोळंबीच्या पिलाला चांगले ठाऊक असते!

हे चिमुकले जग पाहून कोणाच्याही मनात येईल, की असाच एक खळगा आपल्या घरी असावा. काचेची एक पेटी घ्यावी, समुद्राचे पाणी भरावे, त्यात मासे सोडावेत, की झाले! परंतु ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. किनाऱ्यावरील खळगा जिवंत राहतो, तो त्यातल्या पाण्यामुळे नव्हे, तर दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीमुळे. भरती जुने पाणी नेते, नवे आणते. घाण धुऊन टाकते, प्राणवायू आणि अन्न पुरवते. उन्हाने तापलेले पाणी निववते. घरातील काचपेटीला भरती नाही. भरतीचे हे सारे काम पेटी ठेवणाऱ्या माणसालाच करावे लागते. हे ज्याने ओळखले त्याच्या पेटीतले जीव जगतात. ज्याने ओळखले नाही त्याचे मासे दोन दिवसांत पाण्यावर तरंगू लागतात.

ही विद्या फार जुनी नाही. १८४६ साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज स्त्रीने टॉर्की या समुद्रकाठच्या गावी काही जिवंत प्रवाळ पाहिले. त्यांच्या सौंदर्याने तिला मोह पडला आणि दगडी बरणीत समुद्राचे पाणी भरून ते प्रवाळ तिने लंडनला आपल्या घरी नेले. लंडनमध्ये रोज ताजे समुद्रजल कोठून मिळणार? तेव्हा बरणीतलेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतावयाचे, म्हणजे त्यात हवा मिसळेल, अशी युक्ती तिने काढली. तिच्या घरची मोलकरीण हे कंटाळवाणे काम नेमाने करीत असे. पुढच्याच वर्षी ॲना थिनने त्या पाण्यात समुद्रशेवाळ ठेवले. वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात. प्राणी तो घेतात. अशा रीतीने तिचे प्रवाळ समुद्रापासून दूर, शहराच्या मध्यभागी, सुमारे तीन वर्षे टिकले.

पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यालय उघडण्यात आले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने मत्स्यालयावर एक सुंदर सचित्र ग्रंथ लिहिला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी चार क्षार एकत्र करून कृत्रिम समुद्रजल कसे तयार करावे, याची रीतही त्याने प्रसिद्ध केली. गॉसच्या ग्रंथांनी इंग्लंडमध्ये मत्स्यालयाचे वेडच पसरले. हजारो हौशी माणसे हातोड्या, छिन्न्या आणि बरण्या घेऊन किनाऱ्यांवर लोटली. त्यांनी खळग्याखळग्यांतून जीव वेचून नेले. त्यांतील कितीतरी घरी पोहोचल्यावर मेले. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मकथनात या विनाशाविषयी खेद व्यक्त केला आहे. बालपणी त्याने पाहिलेले जीवांनी गजबजलेले खळगे तो मोठा होईपर्यंत ओस पडले होते. समुद्रावर प्रेम करावयास शिकविणाऱ्या ग्रंथामुळेच समुद्रकिनारा लुटला जावा, ही केवढी दुःखाची गोष्ट! घरी समुद्र आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत ध्यानात ठेवली पाहिजे.

महाराष्ट्रात ही हौस अनेकांच्या मनात रुजली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मरीन ड्राइव्हवरील त्या वास्तूत काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या मुलांच्या अनेक पिढ्यांनी समुद्राच्या पोटातले जग प्रथम पाहिले.

आता घरच्या पेटीकडे वळू. पहिला प्रश्न येतो तो पेटीच्या आकाराचा. नवशिक्याला वाटते, लहान पेटी सांभाळणे सोपे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वाटीभर पाणी उन्हात लगेच तापते, विहिरीचे पाणी तापत नाही. त्याचप्रमाणे लहान पेटीतील पाण्याची उष्णता, खारटपणा आणि शुद्धता झपाट्याने बदलते. मोठ्या पेटीत हा बदल सावकाश होतो आणि चूक सुधारावयास अवधी मिळतो. ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर उंच अशी पेटी आरंभासाठी चांगली. वाळू आणि खडक ठेवल्यावर तीत सुमारे १५० लिटर पाणी मावते. पाणी, काच, वाळू व खडक मिळून तिचे वजन २०० किलोच्या वर जाते. म्हणून तिच्याखाली भक्कम व सपाट बैठक हवी. खिडकीतील ऊन थेट पडेल अशा जागी ती ठेवू नये. कारण उन्हाने पाणी तापते आणि काचेवर शेवाळ माजते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सर्वांत मोठा भाग आपल्या जेवणातल्या मिठाचा असतो हे खरे. पण केवळ मीठ पाण्यात विरघळवून समुद्रजल होत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशा अनेक द्रव्यांचे क्षार त्यात ठरावीक प्रमाणात असावे लागतात. असे तयार क्षारमिश्रण बाजारात मिळते. १५० लिटर पाण्याला ते सुमारे सव्वापाच किलो लागते. शहराजवळच्या किनाऱ्यावरील पाणी सांडपाण्याने दूषित झालेले असते. म्हणून तेथील घागर भरून आणण्यापेक्षा घरी मिश्रण करणेच श्रेयस्कर. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन मिसळलेला असतो आणि तो माशांना घातक असतो. यास्तव गाळून शुद्ध केलेले पाणी वापरावे. क्षार एका स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवावेत आणि ते पाणी हवेच्या बुडबुड्यांनी एक दिवस ढवळत ठेवावे. तांब्या-पितळेचे भांडे मात्र या कामी कधीही घेऊ नये. पाण्यात उतरलेले किंचित तांबेही कोळंबी, शंख, समुद्रपुष्प यांसारख्या प्राण्यांचा जीव घेते.

पाणी योग्य तितके खारट झाले की नाही, हे जिभेने ठरविता येत नाही. दुधात पाणी घातले आहे का, हे पाहण्यासाठी लॅक्टोमीटर वापरतात. त्याच जातीचे हायड्रोमीटर नावाचे उपकरण येथे उपयोगी पडते. क्षार जितके अधिक, तितके ते पाण्यात अधिक वर तरंगते. गोड्या पाण्याची घनता १ धरली, तर समुद्रजलाची सुमारे १.०२५ भरली पाहिजे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा आहे. मासे श्वसन करतात, खातात आणि मलविसर्जन करतात. त्यातून व उरलेल्या अन्नाच्या कुजण्यातून अमोनिया नावाचे विषारी द्रव्य तयार होते. समुद्र अफाट असल्यामुळे तेथे ते पसरून नाहीसे होते. पेटीत ते साचत जाते. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात अमोनिया अधिकच घातक ठरतो. नव्या, स्वच्छ, चकचकीत पेटीत त्याच दिवशी मासे सोडले तर ते मरतात, त्याचे कारण बहुधा हेच.

या विषावर उतारा निसर्गानेच योजला आहे. पाण्यात, वाळूच्या कणांवर व खडकांच्या छिद्रांत काही जिवाणू राहतात. त्यांतील एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. नायट्राइटही विषारीच, पण दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट बनवितात आणि ते त्या मानाने पुष्कळच कमी अपायकारक असते. १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मातीतील अशा जिवाणूंचे कार्य सिद्ध करून दाखविले. शेतातल्या मातीत जे काम पिकांसाठी चालते, तेच पेटीतल्या वाळूत माशांसाठी चालते.

परंतु हे जिवाणू एका दिवसात वाढत नाहीत. म्हणून पेटीत प्रथम चुनखडीयुक्त जाड वाळू आणि सच्छिद्र खडक ठेवावेत, पाणी भरावे, ते खेळते ठेवणारा लहान पंप सुरू करावा, जिवाणूंचे तयार विरजण मिळाल्यास तेही घालावे आणि कोळंबीचा एक छोटासा तुकडा टाकून स्वस्थ बसावे. तुकडा कुजू लागला, की अमोनिया वाढतो. त्यावर पहिले जिवाणू पोसले जातात आणि नायट्राइट वाढते. मग दुसरे जिवाणू वाढतात. थेंब टाकून रंगाने परीक्षा करण्याची साधने मिळतात. त्यांनी दर दोन-तीन दिवसांनी पाणी तपासावे व वहीत नोंद ठेवावी. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही शून्यावर आली आणि नायट्रेट दिसू लागले, म्हणजे पेटी तयार झाली असे समजावे. यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. या काळात काचेवर व वाळूवर तपकिरी थर चढतो, पेटी मळकट दिसते, घरातील माणसे थट्टा करतात. पण दुधाला विरजण लावल्यावर दही होईपर्यंत भांडे हलवीत बसून चालत नाही! येथेही धीर धरणे हेच मुख्य काम असते.

१९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग या मत्स्यप्रेमी गृहस्थाने समुद्रातील जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्याच साधनांवर प्रवाळ व मासे कसे जगविता येतात, ते लेख लिहून जगापुढे मांडले. त्या खडकांच्या छिद्राछिद्रांतून राहणारे सूक्ष्म जीवच पाणी शुद्ध ठेवीत होते. आज मात्र समुद्रातून खडक फोडून आणण्याची गरज नाही. मातीचे भाजून केलेले सच्छिद्र खडक काही महिन्यांत तसेच जिवंत होतात.

आता माशांची निवड. आरंभ करणाऱ्याने क्लाउनफिशची एक जोडी घ्यावी. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा सात-आठ सेंटिमीटरचा मासा धीट व काटक असतो. समुद्रात तो समुद्रपुष्पाच्या शुंडकांत राहतो. त्या शुंडकांचा दंश इतर माशांना घातक असतो. पण क्लाउनफिशच्या अंगावरील श्लेष्माच्या थरामुळे त्याला इजा होत नाही. घरच्या पेटीत समुद्रपुष्प नसले तरी त्याचे अडत नाही. आणि समुद्रपुष्प सांभाळणे नवशिक्याचे काम नव्हे. या माशांची आणखी एक नवलाची गोष्ट अशी, की त्यांची सर्व पिले मोठी होताना प्रथम नर होतात. कळपातील सर्वांत मोठा मासा तेवढा मादी बनतो. ती मेली, तर तिचा जोडीदार नर मादी होतो. चांगली काळजी घेतली तर हा मासा दहा वर्षांहून अधिक काळ जगतो. तेव्हा तो विकत घेणे ही चार दिवसांची करमणूक नसून दीर्घ काळाची जबाबदारी आहे.

मासे कोठून आले, हे दुकानदारास विचारण्यात संकोच करू नये. पैदास केंद्रात जन्मलेले मासेच घ्यावेत. ते पेटीतल्या जीवनास सरावलेले असतात आणि त्यांच्यासाठी प्रवाळभित्तींना धक्का लागत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतील मंडपम व केरळातील विळिंजम येथे क्लाउनफिशची पैदास करण्याचे तंत्र सिद्ध केले आहे. त्याउलट प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी आणि कित्येक दुर्मिळ शंख यांना भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे वा त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे.

मासा घरी आणल्यावर पिशवी फोडून त्याला एकदम पेटीत ओतू नये. बंद पिशवी प्रथम पेटीच्या पाण्यावर पंधरा मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांची उष्णता सारखी होते. मग पिशवी उघडून तीत पेटीतले पाणी थोडे थोडे मिसळावे आणि शेवटी मासा जाळीने अलगद सोडावा. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. एकामागून एक मासा आणताना मध्ये काही आठवडे जाऊ द्यावेत. तसेच नवा मासा दोन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करून घ्यावी. नाहीतर एका आजारी पाहुण्यामुळे सारे घर आजारी पडते.

यापुढे रोजचा नेम सुरू होतो. दिवसातून एकदोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न घालावे. भुकेने मेलेल्या माशांपेक्षा मालकाच्या मायेने मेलेले मासे अधिक असतात! पाण्याची उष्णता २४ ते २७ अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवावी. आपल्याकडे उन्हाळ्यात ती सहज याच्या वर जाते आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी पेटीचे झाकण काढून पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा.

वाऱ्याने व उष्णतेने पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहते. मिठागरात हेच घडते. १५० लिटरमधले १५ लिटर पाणी उडून गेले, तर लिटरमागे ३५ ग्रॅम असलेले क्षार सुमारे ३९ ग्रॅम होतात. समुद्रातला मासा आधीच खारट पाणी पिऊन त्यातला जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकण्यात आपली शक्ती खर्च करीत असतो; त्याच्यावरचा हा भार आणखी वाढतो. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी न घालता गोडे शुद्ध पाणी घालावे. याखेरीज दर आठवड्यास सुमारे १५ लिटर जुने पाणी काढून तितकेच नवे समुद्रजल घालावे, म्हणजे साचलेले नायट्रेट कमी होते. हीच त्या पेटीची भरती!

वीज गेली आणि पंप बंद पडला तर घाबरून जाऊ नये. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जवळ असावा. तोही नसेल तर स्वच्छ मगाने पेटीतले पाणी घेऊन वीतभर उंचावरून परत ओतीत राहावे. ॲना थिनच्या घरी उघड्या खिडकीपाशी जे काम चालत असे, ते इतक्या वर्षांनीही तितकेच गुणकारी आहे.

हौस फिटली, परगावी जावे लागले, किंवा मासा फार मोठा झाला, तर काय करावे? पुष्कळांना वाटते, त्याला समुद्रात सोडून द्यावे. त्यात पुण्यच आहे. परंतु हे पुण्य महागात पडते. हिंदी व प्रशांत महासागरांतील विषारी काट्यांचा लायनफिश १९८५ साली अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ आढळला. हौशी लोकांनी पेट्यांतून सोडलेल्या माशांपासून त्याचा तेथे प्रसार झाला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे तो अटलांटिकच्या उष्ण भागात आणि कॅरिबियन समुद्रात सर्वत्र पसरला आणि तेथील लहान माशांचा त्याने फडशा पाडला. म्हणून नको असलेला मासा दुकानदारास परत द्यावा किंवा जाणत्या हौशी माणसाच्या स्वाधीन करावा.

काचपेटीतला समुद्र फार लहान असतो. पण तो पुष्कळ शिकवितो. आठवड्याची नोंद लिहिता लिहिता मुलाला रसायन कळते, माशांचे वागणे पाहता पाहता प्राणिशास्त्र कळते. १५० लिटर पाणी स्वच्छ ठेवण्यास किती कष्ट पडतात, हे ज्याने अनुभवले, तो किनाऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी टाकताना थबकतो. ओहोटीच्या खळग्यापाशी वाकून तो समुद्रपुष्प पाहतो, खेकडा पाहतो. आणि त्यांना तेथेच ठेवून, रिकाम्या हातांनी, आनंदाने घरी परततो.

शब्दार्थ

शुंडक – समुद्रपुष्पासारख्या प्राण्याचा मऊ, लांबट अवयव.
श्रेयस्कर – अधिक हिताचे.
अल्कधर्मी – आम्लाच्या उलट गुणधर्माचे.
सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेले.
श्लेष्मा – बुळबुळीत, चिकट स्राव.
फडशा पाडणे – खाऊन संपविणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) किनाऱ्यावरील खळगा कशामुळे जिवंत राहतो?
(आ) ॲना थिनने पाण्यात हवा मिसळण्यासाठी कोणती युक्ती काढली?
(इ) समुद्रजलाची घनता कोणत्या उपकरणाने मोजतात?

२. कारणे सांगा.
(अ) नवशिक्याने फार लहान पेटी घेऊ नये.
(आ) नव्या पेटीत त्याच दिवशी मासे सोडू नयेत.
(इ) उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी घालू नये.
(ई) पेटीतला मासा समुद्रात सोडू नये.

३. ‘भुकेने मेलेल्या माशांपेक्षा मालकाच्या मायेने मेलेले मासे अधिक असतात’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. गॉसच्या ग्रंथामुळे झालेला लाभ आणि झालेली हानी यांविषयी आठ-दहा ओळी लिहा.

५. ‘पुण्य महागात पडणे’, ‘धीर धरणे’, ‘मोह पडणे’ यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

६. हिशेब करा : एका पेटीत १२० लिटर समुद्रजल आहे. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार आहेत. त्यातले २० लिटर पाणी वाफ होऊन गेले, तर लिटरमागे किती ग्रॅम क्षार होतील?